चक्केर

सिव्हिलला मशीननं माझं रक्त चाखलं
आणि आकडा सांगितलाच नाही,
नुसतं दाखवलं: हाय.
मला वाटलं, नमस्कार करतंय.
सिस्टर म्हणाली, ह्याच्या पुढं ह्याला मोजता येत नाही गं,
आधी त्या खाटेवर झोप.

तीन रात्री सलाईन.
वय सांगितलं, बावीस, की विचारणारा परत कागदाकडं बघायचा,
जणू रिपोर्टातली चूक तीच आहे.

आई सगळ्यांना तेलुगूत सांगते: चक्केर.
म्हणजे साखर.
मला ते मराठीत ऐकू येतं, चक्कर,
तेही खोटं नाही.
मामा म्हणतो, चहात तीन चमचे घ्यायचीस तू.
डॉक्टर म्हणाले, ह्याचा चहाशी संबंध नाही.
मामानं नीट ऐकून घेतलं
आणि बाहेर आल्यावर म्हणाला, तीन चमचे.

सिरसिल्ल्याच्या स्थळाचा फोन बंद झालाय.
मला बरं वाटलं,
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

फ्रीज आमच्याकडं नाही.
माझं इन्सुलिन गाजूलकाकूंकडं राहतं,
फ्रीजच्या दारात, चिंचेच्या कोळाशेजारी.
सोलापुरातला मे, लाईट गेली की मी चप्पल न घालता पळते,
पेनं रुमालात गुंडाळून आणते
आणि माठाखालच्या ओल्या वाळूत पुरते.
नळाला पाणी पाच दिवसांनी.
त्यातला एक तांब्या आता वाळूचा.

मी चादरींचे आलेख भरते, अक्कलकोट रोडला.
बारीक चौकोन, एक रंगवायचा, दोन सोडायचे,
मोर उमटेपर्यंत.
आता दुसरी एक वही आहे, तिच्यातही चौकोन.
सकाळी २११, दुपारी १६८, रात्रीचा कोरा,
कारण त्या रात्री मला नाही बघायचं होतं.
हिच्यातून कुठलं जनावर उमटणार, ठाऊक नाही.
सुयांचं म्हणाल तर जॅकार्डच्या सुया मी शेकड्यांनी बघितल्यात.
पुठ्ठ्याला भोक असेल तिथंच त्या आत जातात.
मला नवं पाडावं लागतं,
रोज चार.

आईनं साखरेचा डबा कुलपात ठेवलाय.
किल्ली मंगळसूत्राला.
काल रात्री दोनला मला घाम फुटला,
हात कुणा दुसऱ्याचे लावल्यासारखे,
आकडा अठ्ठावन्न.
मला आई म्हणायचं होतं,
तोंडातून काय निघालं कळलं नाही,
पण ती उठली होती.
कुलूप निघालं. चमचा तिनं शोधला नाही,
मुठीनंच साखर माझ्या गालात भरली,
तंबाखूचा वास असलेली साखर,
आणि हात माझ्या हनुवटीखाली धरून ठेवला,
सांडू नये म्हणून.

पंधरा मिनिटं थांबून परत बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.
घड्याळाकडं ती बघत नाही.
सूप मांडीवर ओढलं, कातरलेलं पान घेतलं,
चिमूट, वळण, दोरा.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
तेवढ्याला तिला पंधरा मिनिटंच लागतात,
कारखान्यात हजेरीला तिच्यावर कधी वाद झाला नाही.
मी भिंतीला टेकून मोजत राहिले.
अकराव्या विडीला दात वाजायचे थांबले.
सतराव्या विडीला मला वाटलं, भूक लागलीय,
साधीच, मे महिन्यातल्या रात्रीची,
कडक भाकरी आणि शेंगाचटणीची.
तिनं कट्टा बांधला, दोरा दातानं तोडला.
इप्पुडु चूडु, म्हणाली. आता बघ.

मी बोट टोचलं.
माझ्याकडं न बघता
ती पुढचं पान हातात घेऊन बसली,
न वळता.